सात हजारांचे घर आणि एक कांस्यपदक

१९५२ सालची गोष्ट. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. घरात लग्नकार्य निघाले होते म्हणून नव्हे, की कुणाचे आजारपण होते म्हणून नव्हे. कॉलेजातून नावारूपाला आलेला एक कुस्तीगीर ऑलिंपिकसाठी फिनलंडमध्ये हेलसिंकीला निघाला होता आणि त्याच्यापाशी प्रवासाचे पैसे नव्हते. त्या कुस्तीगिराचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

हे नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकलेले आहे. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक या ओळीपुढे ते छापलेले असते आणि आपण ते पाठ करून विसरून जातो. मीही विसरलो होतो. यंदा जिमखान्यासमोरच्या कट्ट्यावर एका दुपारी वाद निघाला, की कॉलेजच्या खेळाडूंना खेळण्याचे पैसे द्यावेत की नाही. एका बाजूचे म्हणणे, खेळ हा खेळ आहे, त्याची मजुरी झाली की त्यातला आनंद संपला. शिवाय उद्या वर्गाचे तोंड न पाहणारे भाडोत्री खेळाडू प्रवेश घेतील. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, कॉलेजचे नाव पेपरात यायचे ते आमच्या घामावर, मग घामाचे मोल का नको? घंटा झाली आणि वाद तिथेच राहिला. मी मात्र त्यानंतर खाशाबांचे चरित्र नव्याने धुंडाळले, कारण माझ्या मते हा वाद आपल्या मुलखात पूर्वीच एकदा होऊन गेला आहे आणि तो त्यांच्या अंगावर झाला आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यात गोळेश्वर या गावी झाला. कराडच्या कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळचे हे गाव. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. ज्या वयात आपल्या कोकणातली पोरे समुद्राच्या पाण्यात पाय बुडवायला शिकतात त्या वयात, म्हणजे पाचव्या वर्षी, वडिलांनी त्यांना लाल मातीत उतरवले. घाटावरच्या गावांत कुस्ती हा निव्वळ खेळ नसतो. ग्रामदैवताच्या यात्रेला कुस्त्यांचा फड नसेल तर यात्रा झाली असे कुणी म्हणत नाही. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मोठ्यांच्या रोख इनामावर, आणि इनामाची रक्कम हलगीच्या तालावर ओरडून जाहीर होते. पैसा आणि कुस्ती यांचे सोवळेओवळे तिथे कधी नव्हतेच. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. १९४२ चे आंदोलन पेटले तेव्हा खाशाबा सोळा वर्षांचे होते. सातारा जिल्हा त्या काळी प्रतिसरकारचा जिल्हा. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, निरोप पोचवणे अशी कामे या शाळकरी मुलाने केली. स्वातंत्र्य मिळाले त्या दिवशी त्यांनी ऑलिंपिकमध्ये तिरंगा फडकवायचा निश्चय केला असे सांगतात. असे निश्चय आपणही पंधरा ऑगस्टला करतो, आणि जिलेबी खाऊन घरी जातो.

नंतर ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर म्हणजे तालमींचे शहर. राजर्षी शाहू महाराजांनी देशभरातून मल्ल आणून त्यांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले. दूध, तूप, बदामाचा खुराक पैलवानाला दरबारातून मिळे. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, पण ती परंपरा राहिली. आजच्या शब्दांत बोलायचे तर कोल्हापूर संस्थानात खेळाडूला पगार होता, फक्त त्याला कुणी पगार म्हणत नसे. राजाश्रय म्हटले की सगळे शोभून दिसते!

खाशाबांचा देह आडमाप नव्हता. ठेंगणे, काटक, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत न भरणारे. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव द्यायला गेले तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांची अंगकाठी पाहून नाव घ्यायचे नाकारले. प्रकरण प्राचार्यांकडे गेले, त्यांनी परवानगी दिली, आणि खाशाबांनी आपल्याहून थोराड गड्यांना आसमान दाखवले. चपळाई हे त्यांचे बळ. डोके बगलेत पकडून प्रतिस्पर्ध्याला उचलून आदळण्याचा ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होता. बेलापुरे गुरुजी आणि बाबुराव बलवडे यांच्यासारखे वस्ताद त्यांना लाभले. लखनौच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी बंगालच्या निरंजन दासला हरवले, आणि कराडजवळच्या खेड्यातला हा विद्यार्थी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी निवडला गेला.

लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे जाऊन पाहतात तो माती नाही! गादीवर कुस्ती, आणि नियमही वेगळे. आपल्या मैदानात पाठ लागली की कुस्ती निकाली, मग दहा मिनिटे लागोत की तास. तिथे घड्याळ लावून कुस्ती, आणि प्रत्येक पकडीला गुण. रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिराने त्यांना थोड्या दिवसांत जे शिकवता येईल ते शिकवले. एवढ्या तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवले आणि फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. जन्मात गादी न पाहिलेल्या माणसाने जगात सहावे यावे हे मला हेलसिंकीच्या पदकापेक्षाही मोठे वाटते. पण सहाव्या क्रमांकाची नोंद सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात होत नाही.

परत आल्यावर चार वर्षे त्यांनी गादीवरच्या कुस्तीचा ध्यास घेतला, वजन वाढवून बॅंटमवेट म्हणजे ५७ किलोच्या गटात उतरायचे ठरवले. या चार वर्षांत त्यांच्याभोवतीचे जग मात्र बदलले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. हे व्हायलाच हवे होते, त्याबद्दल वाद नाही. पण पैलवानाच्या खुराकाची आणि प्रवासाची जी जबाबदारी गादीवर बसलेला राजा उचलत होता ती नेमकी कुणाकडे गेली, याचा निर्णय कुणी केला नाही. राजा गेला, सरकार अजून आले नव्हते, अशा मधल्या फटीत खाशाबा सापडले.

१९५२ च्या निवडीची कथाही सरळ नाही. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने पराभूत ठरवण्यात आले. हा निकाल पक्षपाती होता असे त्यांचे म्हणणे होते. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, आणि निरंजन दासशी पुन्हा लढत मागून घेतली. ती कुस्ती खाशाबांनी चितपट जिंकली. निवड झाली. आता पैसे.

सरकारकडे मागणी केली, पण निघण्याच्या वेळेपर्यंत पुरेसे काही हाती आले नाही. घरचे लोक वर्गणी मागत फिरले. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी ज्याला जे जमले ते दिले. तरी बेरीज जुळेना, आणि मग खर्डेकरांचे घर गहाण पडले. आमच्या गुरुजनांना यातून काही सुचवावे असा माझा हेतू नाही, त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. पण शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी घर तारण ठेवावे आणि विद्यार्थ्याने त्या घराचे ओझे मनावर घेऊन परमुलखात कुस्ती करावी, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की आनंदासाठी खेळावे हे वाक्य जरा तोकडे वाटते. पदक देशाचे होते, कर्ज मात्र खाशाबांचे होते.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या शोहाची इशीशी गाठ पडली. ही लढत पंधरा मिनिटांहून अधिक चालली आणि खाशाबा ती थोडक्यात हरले. इशीने पुढे सुवर्णपदक मिळवले. एवढ्या झुंजीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला बोलावले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. तो नियम तिथल्या पंचांना सांगायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता. दमलेले खाशाबा उतरले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले. गादीखाली विश्रांतीचा नियम सांगणारा एक माणूस असता तर काय झाले असते, याचा विचार करून आजही हळहळ वाटते. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे पुढच्या वजनगटात उतरले होते, त्यांचे पदक थोडक्यात हुकले. एका शहराचे दोन मल्ल!

इथे जगाच्या इतिहासातील एक योगायोग नोंदवला पाहिजे. याच १९५२ साली अॅव्हरी ब्रंडेज हे अमेरिकन गृहस्थ आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले आणि पुढे वीस वर्षे त्या पदावर राहिले. शिकागोतले हे धनिक बांधकाम व्यावसायिक हौशी खेळाडूपणाचे कट्टर कैवारी होते. खेळातून एक पैसा घेतला की माणूस बाटला, असा त्यांचा पक्ष. तरुणपणी ते स्वतः १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये खेळले होते आणि तिथे त्यांना हरवले होते जिम थॉर्प या आदिवासी विद्यार्थ्याने. थॉर्पने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदके जिंकली. पुढच्याच वर्षी ती काढून घेण्यात आली, कारण आदल्या एकदोन उन्हाळ्यांत त्याने किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. थॉर्प १९५३ मध्ये वारला. पदके त्याच्या मुलांना १९८३ मध्ये देण्यात आली, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडले. हा नियम काटेकोर लावला तर आपल्या यात्रांतला इनाम घेणारा प्रत्येक पैलवान बाद. नियम करणाऱ्यांच्या घरी दूधदुभते होते, म्हणून त्यांना हौस परवडत होती.

परतल्यावर कराड स्टेशनावर लोक लोटले. एकशे एक्कावन्न बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासात गाठता येणाऱ्या गोळेश्वरला पोचायला सुमारे सात तास लागले. ढोल, लेझीम, गुलाल. मुंबई-दिल्लीकडे मात्र हॉकी संघाच्या सुवर्णपदकापुढे हे कांस्यपदक झाकले गेले. लोकांचा गुलाल अंगावर होता तेव्हाही गहाणखत तसेच होते. खाशाबांनी मग जे केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लंगोट लावून त्यात उतरले, कुस्त्या जिंकल्या, आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवले.

म्हणजे ज्या स्पर्धेत पैशाला शिवायचे नाही तिथे जाण्याचा खर्च त्यांनी पैशाच्या कुस्त्या खेळून फेडला. हे घडले तेव्हा कुणाला त्यात विसंगती दिसली की नाही, मला ठाऊक नाही. लाल मातीतल्या माणसाला दिसली नसणार.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखे आहे, कारण त्यात सांगण्यासारखे फार घडू दिले गेले नाही. पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ साली, त्यांना पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली. पोलिसांच्या स्पर्धा त्यांनी गाजवल्या, खात्यात खेळ शिकवला. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चे मेलबोर्न ऑलिंपिक हुकले. सत्तावीस वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत ज्योत नेणाऱ्यांत त्यांचा समावेश होता, एवढा एक मानाचा प्रसंग. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. तो त्यांना २००० सालचा म्हणून मरणोत्तर मिळाला. दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागाराला २०१० मध्ये त्यांचे नाव दिले गेले, आणि महाराष्ट्र सरकारने त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन ठरवला. पण मधल्या काळात, २०१७ साली, गावच्या कुस्ती केंद्राचे आश्वासन पुरे होत नाही म्हणून ते पदकच लिलावात काढण्याचा विचार कुटुंबीयांना जाहीर करावा लागला होता. गोळेश्वरच्या त्यांच्या घराचे नाव ऑलिंपिक निवास आहे.

त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल लागले, ते टेनिसपटू लिअँडर पेसने मिळवले. आणि महाराष्ट्राच्या मुलाला वैयक्तिक पदक मिळायला २०२४ साल, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ते आणले. त्याच्या पाठीशी रेल्वेची नोकरी होती आणि पदकानंतर सरकारने कोटींच्या भाषेत बक्षीस दिले. बहात्तर वर्षांत एवढा फरक पडला, तो चांगलाच आहे. पण बक्षीस पदकानंतर येते. पदकाआधीचा खुराक, प्रवास, बुडालेला रोज, हा प्रश्न खाशाबांच्या वेळी होता तिथेच पुष्कळदा उभा असतो.

अमेरिकेत हा वाद आता कोर्टापर्यंत जाऊन आला आहे. २०२१ पासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमाई करता येते, आणि २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना उत्पन्नातला वाटा थेट देऊ शकतात, एका विद्यापीठाला वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. तिथले सामने टेलिव्हिजनवर विकले जातात, तेव्हा वाटा मागणे रास्तच. आपल्या विभागीय कबड्डीच्या सामन्याला चाळीस माणसे असतात आणि त्यांतली अर्धी दुसऱ्या संघाची असतात. त्यामुळे वाट्याचा मुद्दा आपल्याला लागू नाही. म्हणून पैसे देऊ नका म्हणणारे मित्र जे सांगतात त्यातले निम्मे मला पटते. पगार नको. करार नको. कबड्डीसाठी प्रवेश घेऊन ग्रंथालयाची वाट न ठाऊक असणारा विद्यार्थीही नको.

पण माझा एक मित्र आहे. त्याचे नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. चढाईला गेला की पाय दिसत नाही इतका चपळ. पहाटे तो मिरकरवाडा बंदरावर बोटींची मासळी उतरवायला जातो आणि तिथून वर्गात येतो. कुणाला वास आला तर येवो. सामन्यासाठी दोन दिवस बाहेरगावी जायचे म्हणजे दोन पहाटेंची मजुरी गेली, आणि त्याच्या घरी ती मजुरी मोजलेली असते. माझ्या घरीही तसेच आहे. कॉलेजची पायरी चढणारा मी घरातला पहिला, म्हणून मला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात हे खरे, पण गुणांचे तांदूळ होत नाहीत. यंदा त्याने संघातून नाव काढून घेतले. कारण विचारल्यावर त्याने गुडघा दुखतो असे सांगितले. त्याच संध्याकाळी तो डोक्यावर मासळीची टोपली घेऊन जेटीवरून धावत येताना मला दिसला.

त्याच्यासाठी कुणी घर गहाण टाकावे असे मी म्हणत नाही. जिमखान्याची फी आपण सगळेच भरतो. त्यातून संघातल्या गरजू खेळाडूला सामन्याच्या आणि प्रवासाच्या प्रत्येक दिवसाचा बुडालेला रोज द्यावा, एवढेच. मोबदला म्हणून नव्हे, नुकसानभरपाई म्हणून; आणि तो सामना झाल्यावर नव्हे, निघण्याच्या आदल्या दिवशी हातात पडावा. खाशाबांच्या चरित्रावरून मला तरी पैशापेक्षा त्याच्या वेळेचे महत्त्व अधिक वाटले.

या मागणीचा अर्ज आम्ही काही जणांनी लिहिला आहे. पुढच्या वर्षीच्या निवड चाचणीआधी तो जिमखाना समितीकडे द्यायचा आहे. अर्ज द्वितीय वर्ष कला वर्गात मागच्या बाकावर ठेवलेला असतो. सही करण्यापूर्वी वाचून घ्यावा, शुद्धलेखनाच्या चुका आढळल्यास सांगाव्यात.